जागा एकच असते

पालक : मॅडम, तुम्ही या विषयावर गप्प का, हेच मला कळेना झालंय. लेक बारावीला आहे. तिच्या सामन्यांचे व्हिडिओ जोडून अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉल प्रशिक्षकांना पाठवायचं, असं आमच्या घरात जवळजवळ ठरलंय. तिला गोलमध्ये उभं केलंत तुम्ही. मुरमाच्या मैदानावर सूर मारताना आधी हात, मग खांदा, मग कंबर कशी टेकवायची, हे शिकवलंत तुम्ही. आणि आता कुठे काही घडतंय, तर तुमचाच चेहरा उतरलेला. मी लग्न होऊन विश्रांतवाडीत आले तेव्हा फुटबॉल म्हणजे खडकीतल्या लष्करी संघांचा खेळ, पुरुषांचा. मुलींनी तो खेळावा हे कुणाच्या मनातही यायचं नाही. आज माझी मुलगी म्हणते, अजून चार वर्षं खेळायचंय आणि शिकायचंही आहे. दोन्ही एकाच छपराखाली देणारी एवढी मोठी व्यवस्था अमेरिकेतल्या कॉलेजांखेरीज कुठे आहे? मग अडतंय कशापाशी?

प्रशिक्षक : जागेपाशी अडतंय, ताई. संघात अकरा जणी असतात, पण कीपरची गोष्ट बाकी दहा जणींपेक्षा वेगळी. मधल्या फळीतली चौथ्या क्रमांकाची मुलगीसुद्धा हंगामात कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास मैदानात उतरते. कुणी दमतं, कुणाचा पाय मुरगळतो, कुणाला एक पिवळं कार्ड मिळालेलं असतं, प्रशिक्षक बदली करतो. कीपर दमली म्हणून तिला कुणी बाहेर काढत नाही. पहिली धडधाकट असली की दुसरी बाकावर, तिसरी बाकाच्या टोकाला. तिथल्या कॉलेजच्या संघात साधारण अठ्ठावीस मुली असतात, त्यात कीपर तीन, कुठे चार. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि बहुतेक संघांचा नोव्हेंबरात आटपतो, अगदी शेवटपर्यंत टिकणाऱ्यांचा डिसेंबरच्या सुरुवातीला. असे चार हंगाम हातात. पहिले दोन बाकावर गेले तर उरले दोन. तिसऱ्या वर्षी प्रशिक्षकाने दुसऱ्या कॉलेजातली तयार कीपर आणली तर तेही गेले. २०१८पासून तिथे खेळाडूंना कॉलेज बदलणं सोपं झालंय, त्यामुळे अशी ने-आण आता नेहमीची. सतरा ते एकवीस या वयात कीपरला सगळ्यात जास्त काय लागतं? सामने. सराव कितीही करा, पन्नासाव्या मिनिटाला बचाव फळी कोलमडलेली असताना पुढे सरकायचं की रेषेवर थांबायचं, हा निर्णय सामन्यातच शिकता येतो. ही मुलगी चांगल्या गवतावर, चांगल्या ग्लोव्ह्जमध्ये, चार वर्षं दुसरीचा खेळ बघत बसेल, याची मला भीती आहे.

पालक : मला आठवते ती बालेवाडी. ३० जानेवारी २०२२. आशियाई महिला करंडकाची उपांत्यपूर्व फेरी, आपलं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, फिलिपिन्स विरुद्ध चायनीज तैपेई. जिंकणारा संघ थेट २०२३च्या विश्वचषकात जाणार होता. नव्वद मिनिटांनी १-१, जादा वेळेनंतरही १-१, मग पेनल्टी. फिलिपिन्सच्या गोलमध्ये ऑलिव्हिया मॅकडॅनियल. कॅलिफोर्नियात जन्मलेली, अमेरिकेतल्याच कॉलेज फुटबॉलमधून आलेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या चर्चेत जिचं नावही नव्हतं, तिने त्या संध्याकाळी दोन पेनल्टी अडवल्या आणि मध्येच पुढे येऊन स्वतः एक मारून गोलही केला. शेवटचा फटका सरिना बोल्डेनचा. ४-३. फिलिपिन्सचा पुरुषांचा किंवा महिलांचा कुठलाच संघ त्याआधी फुटबॉलच्या विश्वचषकाला गेला नव्हता. गेला तो पुण्यातून! पुढच्या वर्षी, २५ जुलै २०२३ला, याच संघाने वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडला १-० हरवलं. भरपाई वेळेत गोलमध्ये जाणारा चेंडू मॅकडॅनियलनेच बाहेर ढकलला आणि सामन्याची सर्वोत्कृष्ट खेळाडू तीच ठरली. करोनामुळे बालेवाडीत तेव्हा प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. लेकीने ते शूटआउट फोनवर पाहिलं, पुन्हा पुन्हा. मी चेंडूकडे बघत होते, ती कीपरचे पाय बघत होती. मला थांबवून दाखवलं तिने: फटका बसतो त्या क्षणी एक टाच रेषेला लागलेली, दुसरा पाय आधीच पुढे पडलेला, वजन पंजांवर. "आई, एक पाय रेषेवर ठेवला की नियमात बसतं, दुसरा आधी टाकता येतो." तेव्हा मला कळलं, हिचा हा छंद राहिलेला नाही. आणि आज तुम्ही मला बाक दाखवता! मॅकडॅनियललाही हेच कुणी सांगितलं असतं तर?

प्रशिक्षक : तुमची मुलगी पाय बघत होती हे ऐकून मला बरं वाटलं. पण त्याच स्पर्धेची दुसरी बाजू मी विसरू शकत नाही. यजमान आपण होतो. २० जानेवारीला नवी मुंबईत आपण इराणशी ०-० बरोबरी केली. २३ तारखेला आपली गाठ याच तैपेईशी होती. संघात करोना शिरला, तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत, सामना झालाच नाही आणि आपण घरच्या स्पर्धेतून बाहेर. पुढे तैपेई आपल्या गटातून उपांत्यपूर्व फेरीत पोचली आणि बालेवाडीत फिलिपिन्सकडून हरली. आपण खेळलो असतो तर जिंकलोच असतो असं मी म्हणत नाही. पण ती वाट आपल्याही घरावरून जात होती. आता फिलिपिन्सची वाट बघा. त्यांनी अमेरिकेत वाढलेल्या, तिथल्या कॉलेजांत घडलेल्या, मुळाने फिलिपिनो असलेल्या मुली शोधल्या. तो संघ बहुतांशी तसाच होता. म्हणजे घडवलं अमेरिकेने, झेंडा फिलिपिन्सचा. आपल्याला तेही जमण्यासारखं नाही, कारण परदेशी पासपोर्ट असलेला भारतीय वंशाचा खेळाडू भारताकडून खेळू शकत नाही. न्यू जर्सीतली एखादी मराठी मुलगी तिथल्या कॉलेजची पहिली कीपर असली, तरी आपल्या संघाला तिचा उपयोग नाही. मॅकडॅनियलचा दाखला आपल्याला लागू करताना हा फरक सोडून चालणार नाही.

पालक : उलट तोच फरक माझ्या बाजूने आहे. माझी मुलगी इथली आहे, पासपोर्ट भारताचा आहे. तिथे घडून ती परत आली तर कुठला नियम आड येतो? अदिती चौहानचं बघा. मास्टर्ससाठी ती इंग्लंडला, लफबरोला गेली. २०१५मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून उतरली आणि इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय महिला ठरली. तीही कीपरच. नंतर परत येऊन वर्षानुवर्षं भारताचा गोल तिने राखला, गोकुलम केरळाकडून खेळली, २०२५मध्ये निवृत्त झाली. शिक्षणाच्या वाटेने बाहेर गेलेली मुलगी देशाला दुरावते, हे तिच्या बाबतीत तरी खोटं ठरलंय.

प्रशिक्षक : अदितीचा दाखला बरोबर आहे, पण तो पुरता बघा. लफबरोला जाण्याआधी ती भारतीय संघाच्या आसपास आलेली होती, निवडणाऱ्यांना तिचं नाव ठाऊक होतं. आपली मुलगी राज्य पातळीपर्यंत आली आहे. आपल्याकडे राष्ट्रीय संघाची निवड शिबिरातून होते, आणि शिबिरात जी डोळ्यांसमोर असते तिचा विचार आधी होतो. ओहायोत बाकावर बसलेल्या मुलीला विमानाचं तिकीट काढून कोण बोलावणार? कॉलेजचा हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर, त्यात सुट्टी मागितली की तिथली जागाही जाईल. दोन्हीकडून ती कडेलाच राहील. आणि पैशांचं बोलूच. शिष्यवृत्ती म्हटली की आपल्याला सगळं फुकट वाटतं. मुलींच्या फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं एका संघाला चौदा पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढीच रक्कम असायची आणि प्रशिक्षक ती अठ्ठावीस जणींत वाटायचे. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. २०२५पासून बऱ्याच मोठ्या कॉलेजांत ती मर्यादा उठली आणि त्या जागी संघाच्या संख्येवर अठ्ठावीसची मर्यादा आली. म्हणजे पैसा कदाचित वाढेल, पण आधी जिथे चौथी-पाचवी कीपर हौसेने ठेवायचे, तिथे आता ठेवणार नाहीत. कॉलेज स्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीत तर खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. बऱ्याच खासगी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च आज ८० हजार डॉलरच्या पुढे गेलाय. पाव शिष्यवृत्ती मिळाली तर उरलेल्या साठ हजारांचं काय करणार? धानोरीचा फ्लॅट गहाण टाकणार?

पालक : गहाण टाकायचं ठरलेलं नाही. जिथे बहुतेक खर्च उचलतील तिथेच, नाहीतर नाही, एवढं आम्ही दोघांनी ठरवलंय. अभ्यासाच्या गुणांवर वेगळी मदत मिळते, ती खेळाच्या मदतीत मिळवता येते. तिचे गुण चांगले आहेत, म्हणून हिंमत केली. पण पैशाच्या आधी मला दुसरंच बोलायचंय. तुम्ही म्हणता, सतरा ते एकवीस या वयात सामने लागतात. बरोबर. मग इथे या वयात काय होतं ते सांगा. तुमच्याकडे आज चौदा वर्षांखालच्या मुली किती आणि एकोणीसच्या पुढच्या किती? दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. ते पदरात पडले की किती जणी दुसऱ्या दिवशी मैदानावर येतात? पालक स्वतः येऊन सांगतात, झालं आता, पुरे. मीही सांगितलं असतं. तुमच्याच तोंडून ऐकलंय की कीपर उशिरा तयार होते. अलिसा नेहर पेन स्टेट विद्यापीठातून आली. २०१५चा विश्वचषक तिने बाकावरून पाहिला आणि अमेरिकेची पहिली कीपर झाली ती २०१६नंतर, अठ्ठाविशीत. पुढे २०१९चा विश्वचषक, २०२४चं ऑलिंपिक सुवर्ण. फॅलन टलिस-जॉइस मायामी विद्यापीठात सागरी जीवशास्त्र शिकली, मग फ्रान्समध्ये रान्सला खेळली, मग सिएटल, मग मँचेस्टर युनायटेड. अमेरिकेच्या संघात पहिल्यांदा उतरली एप्रिल २०२५मध्ये, तीही अठ्ठाविसाव्या वर्षी. जी जागा अठ्ठाविसाव्या वर्षी मिळायची, तिची तयारी आपण सतराव्या वर्षी थांबवतो. या दोघींकडे अशी कुठली ताकद होती जी माझ्या मुलीत नाही? त्यांना मधली वर्षं मिळाली, एवढंच. कॉलेजने दिली. तिथे बाकावर बसलेली कीपरसुद्धा आठवड्याला वीस तास सराव करते, तिला शिकवायला खास कीपरचा प्रशिक्षक असतो, दुखलंखुपलं तर उपचार होतात, आणि तिला कुणी विचारत नाही की लग्नाचं काय.

प्रशिक्षक : याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि नाही म्हणूनच मला त्रास होतो. ती व्यवस्था मी अभ्यासली आहे. ती फुटबॉलच्या प्रेमातून उभी राहिलेली नाही, कायद्यातून राहिली. १९७२मध्ये अमेरिकेत शिक्षणाचा एक कायदा झाला, 'टायटल नाइन'. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला वगळता येणार नाही. त्या कायद्यात खेळाचं नावही नव्हतं. पण खेळ हा शिक्षणाचाच भाग, म्हणून तो खेळालाही लागू झाला. कॉलेजांत मुलांच्या अमेरिकन फुटबॉलच्या एकेका संघात शंभरेक जण. तेवढ्याच प्रमाणात मुलींना जागा द्यायच्या कुठे? मग आपला हा फुटबॉल, ज्याला ते सॉकर म्हणतात, कॉलेजांच्या कामी आला. खर्च बेताचा आणि एका संघात पंचवीस-तीस मुली मावतात. १९८२मध्ये तिथल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेने या खेळाची मुलींसाठी पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. आज वरच्या श्रेणीतच साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. शाळांमध्ये खेळणाऱ्या मुली कायद्याच्या वेळी तीन लाखांच्या आत होत्या, त्या तीस लाखांच्या वर गेल्या. हे सगळं कायद्याने घडवलं, पन्नास वर्षं लावून. म्हणून मला वाटतं, आपण तिथून आणायचाच असला तर तो कायदा आणावा. आपण करतो काय? आपली मुलगी तिकडे पाठवतो. चांगली कीपर गेली की मागच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींपुढून दाखवायची मुलगी जाते. त्या शिकतात कुणाकडे बघून? माझ्याकडे बघून नाही. मी चाळिशीची आहे, मी ओरडते. त्या बघतात तुमच्या मुलीकडे: ती ग्लोव्ह्ज कसे घालते, गोल झाल्यावर जाळ्यातून चेंडू काढून मधल्या रेषेकडे कसा फेकते, मान खाली घालते की नाही. ते मी शिकवू शकत नाही.

पालक : मॅडम, हा भार सतरा वर्षांच्या मुलीवर टाकू नका. कायदा आणा म्हणता. आणू या. मी सह्या गोळा करीन, मोर्चा निघाला तर येईन. पण पन्नास वर्षं लागली असं तुम्हीच म्हणालात. तोवर ही मुलगी काय करणार? मागच्या मुलींसाठी थांब, असं आपण मुलांना कधी सांगतो? शेजारच्या सोसायटीतला मुलगा इंजिनिअर होऊन टेक्सासला गेला तेव्हा त्याच्या आईला कुणी विचारलं नाही की विश्रांतवाडीतल्या बाकीच्या मुलांनी आता कुणाकडे बघायचं. पेढे वाटले. गल्लीचं, गावाचं, देशाचं देणं मुलीच्याच नावावर का लिहिलं जातं, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगावं.

(लेखिका म्हणून मला इथे मध्ये बोलावंसं वाटतं. हा प्रश्न मला संवादातला सगळ्यात रास्त वाटतो आणि प्रशिक्षकाच्या कुठल्याच युक्तिवादाने तो फिटत नाही. पण प्रश्न रास्त असला म्हणून प्रशिक्षकाची अडचण खोटी ठरत नाही. बारा वर्षांच्या मुलींचा तो घोळका खराच आहे.)

प्रशिक्षक : तुमचं बोलणं मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मुलगी म्हणून तिला अडवायचं माझ्या मनातही नाही. तरी एका गोष्टीवर मी हटणार नाही, ती म्हणजे शरीर. ब्रायना स्करीचं नाव ऐकलंय? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टच्या संघाची कीपर. १० जुलै १९९९, रोझ बोल, विश्वचषकाचा अंतिम सामना, ९० हजार प्रेक्षक. अमेरिका आणि चीन, शून्य-शून्य, पेनल्टी. चीनची तिसरी पेनल्टी स्करीने अडवली. ती अडवली नसती तर पुढचं काही झालंच नसतं. पण जगाला त्या दिवसाचं काय आठवतं? शेवटची पेनल्टी मारणारी ब्रँडी चॅस्टेन गुडघ्यांवर बसलेली, जर्सी काढून हातात. सगळीकडे तोच फोटो. कीपरचं काम झालं आणि ती चौकटीबाहेर गेली. २०१०मध्ये एका सामन्यात खाली वाकून चेंडू घेताना समोरच्या खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्यावर आदळला. कारकीर्द तिथेच संपली. वर्षानुवर्षं डोकेदुखी, निराशा. पैशांसाठी ऑलिंपिकची सुवर्णपदकं गहाण ठेवायची वेळ आली. २०१३मध्ये शस्त्रक्रिया झाली, मग सावरली. २०१७मध्ये तिथल्या फुटबॉलच्या मानाच्या यादीत तिचं नाव आलं. जगज्जेत्या संघाच्या कीपरची ही कथा. मग जिचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही अशा कीपरचं काय होत असेल? बाकी दहा जणी चेंडूच्या मागे पायाने जातात. ही एकटी डोकं घेऊन समोरच्याच्या पायात घुसते. मुलींना गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, तो वेगळाच. परक्या देशात, घरापासून दूर, बाकावर बसून जागा मिळवायला धडपडणारी मुलगी दुखणं लपवते. मी लपवलं होतं. इथे मी तिच्या पायाकडे बघून ओळखते.

पालक : आणि ओळखून पुढे काय करता? रागावू नका, खरंच विचारते. मागच्या पावसाळ्यात तिचं डोकं खांबाला लागलं तेव्हा मैदानावर काय होतं? बर्फाची पिशवी, तीही चहावाल्याकडून आणलेली. डॉक्टर नाही, फिजिओ नाही, कुणी बोट डोळ्यांपुढे नाचवून तपासणारंही नाही. तुम्ही तिला रिक्षात घालून नेलंत, मी ऑफिसातून धावत आले, आळंदी रोडच्या गर्दीत अर्धा तास गेला. तिथल्या कॉलेजांना डोक्याच्या माराबद्दल लेखी नियम ठेवावे लागतात. मार लागला की त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय सराव नाही. स्करीसारख्यांचं जे झालं त्यातून तिथे लोक हे बोलायला लागले, ती स्वतः त्यावर बोलत फिरली. म्हणजे जिथे अपघात होतो तिथे निदान त्याची नोंद होते. आपल्याकडे काय होतं? "काही नाही, लागलं थोडं." कंबरेवरच्या त्या खपल्या मी रात्री पुसते, मॅडम. मुरमाने सोललेली कातडी, वर पुन्हा मुरूम. एक खपली सुकायच्या आत दुसऱ्या दिवशी त्याच बाजूला सूर. शरीराचीच काळजी असेल तर तिला गवतावर जाऊ द्या.

प्रशिक्षक : द्यायला हवं. गवताचं तुमचं म्हणणं मी खोडूच शकत नाही. मग राहिलेलं एकच सांगते. पुण्याचा एक संघ होता. २०१७मध्ये भारतीय महिला लीग पहिल्यांदा झाली, दिल्लीला. अंतिम फेरीत सहा संघ, त्यांत एफसी पुणे सिटीचा महिला संघ. आपल्या मैदानावरच्या मुलींनी त्या संघाचं नाव वहीवर लिहिलं होतं. २०१९मध्ये क्लबच बंद झाला. मोठ्या आकांक्षेचं काही इथे उभं राहतं आणि मुली दहावीतून बारावीत जायच्या आत मोडतं. त्यामुळे तुमच्या मुलीने इथे थांबावं असं मी म्हणते तेव्हा कुठे थांबावं, हे मला सांगता येत नाही. विद्यापीठाच्या स्पर्धा आहेत, पण त्या काही दिवसांत उरकतात. जिल्ह्याची लीग आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्रं जमवता येतात. पण जी पाय बघते तिला प्रमाणपत्रांत रस नसतो. मला ती जायला नकोय, आणि ती थांबली तर तिला देण्यासारखं माझ्याकडे पुरेसं नाही. ही माझी खरी अवस्था. मी गप्प होते ती यामुळे.

पालक : मग हे आधी बोलायचं होतंत! मला वाटत होतं, तुम्हाला तिच्यात तेवढं दिसत नाही.

प्रशिक्षक : दिसतं. उंची थोडी कमी पडेल, पण पहिली तीन पावलं अशी मी कुणाची पाहिली नाहीत. उंचावरून येणाऱ्या चेंडूला तिची अजून घाई होते. ते दोन वर्षांत सुटेल, पण त्यासाठी आठवड्यातून दोनदा कुणीतरी तिला गर्दीतून कॉर्नर मारायला हवेत, आणि कॉर्नर मारणाऱ्याही तेवढ्या तयारीच्या हव्यात. म्हणूनच म्हणते, मोठ्या नावाच्या कॉलेजच्या मागे लागू नका. पत्रं पाठवाल तेव्हा शिष्यवृत्तीच्या आधी तीन गोष्टी विचारा. तुमच्याकडे आत्ता कीपर किती आणि त्या कितव्या वर्षात आहेत? गेल्या चार वर्षांत पहिली कीपर बाहेरून बदलून आणलेली होती, की पहिल्या वर्षापासून तुमच्याकडेच वाढलेली? आणि कीपरचा प्रशिक्षक पूर्ण वेळ आहे, की आठवड्यातून दोन दिवस येतो? लहानसं कॉलेज असेल, दुसऱ्या श्रेणीचं असेल, पण शेवटच्या वर्षातली कीपर जाणार असेल आणि मागे कुणी नसेल, तर तिथे ती खेळेल. मोठ्या विद्यापीठाचा झगा घालून ती बसून राहिली तर मी तुम्हाला माफ करणार नाही.

पालक : आणि तिला तिथे बसून राहावं लागलंच तर?

प्रशिक्षक : तर तुम्ही म्हणालात ते खरं निघतं का ते कळेल. नुसती वर्षं मिळाली तरी कीपर घडते, असं तुम्ही म्हणता. मी म्हणते, सामन्यांशिवाय वर्षं म्हणजे नुसतं वाढणं. नेहरच्या बाबतीत तुमचं खरं ठरलं, पण ती बाकावर होती ती जगातल्या सगळ्यात चांगल्या संघाच्या, आणि क्लबकडून खेळत होती ते निराळंच. कॉलेजच्या बाकावर चार वर्षं बसून पुढे काहीच न झालेल्या मुलींची नावं कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून आपल्याला फक्त नेहर दिसते.

पालक : इथे थांबून काहीच न झालेल्यांची नावं तरी कोण लिहून ठेवतं? तुमच्या पहिल्या तुकडीतली कीपर आज कुठे आहे?

प्रशिक्षक : टिंगरेनगरला. दोन मुलं आहेत तिला. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, रविवारी सकाळी येऊन लहान मुलींना कॉर्नर मारीन. घरून अजून काही सांगितलेलं नाही.

पालक : ती आली तर माझ्या मुलीला थांबायला एक कारण मिळेल.

प्रशिक्षक : किंवा निर्धास्तपणे जायला. मागे राहिलेल्या मुलींचा प्रश्न तुमच्या मुलीच्या खांद्यावरून उतरला, तर तिने जावं की राहावं हे आपण तिच्याच खेळावरून ठरवू शकू. आज आपण दोघीही ते तसं ठरवत नाही आहोत. मी माझ्या मैदानाच्या गरजेवरून बोलते, तुम्ही इथे काही मिळणार नाही या भीतीवरून.

पालक : भीती आहे, नाही म्हणत नाही. पण अर्ज डिसेंबरच्या आत जायला हवेत. सगळं सुटेपर्यंत थांबायला आपल्याकडे वेळ नाही.

प्रशिक्षक : मग व्हिडिओ मला दाखवल्याशिवाय पाठवू नका. नुसते अडवलेले फटके जोडू नका, ते सगळ्याच पाठवतात. झालेले दोन गोल घाला, आणि गोलनंतरची दहा सेकंदंही ठेवा.